अण्णांच्या फियाटचा पंप

"तेरा," सासूबाई म्हणाल्या, आणि मी मागायच्या आत तेरा नंबरचा पाना माझ्या हातात आला.

"मी अजून काही बोलले नव्हते, आई."

"बोलणार होतीस. पट्टा निघाला, आता पंखा. पंख्याचे बोल्ट तेराचे."

मी वाकून पाना लावला. तो बरोबर बसला.

१९९३ सालच्या एप्रिलमधला रविवार होता तो. सोलापुरात त्या दिवसांत सकाळी नऊलाच पत्र्याला हात लावता येत नाही, आणि आमच्या होटगी रोडच्या घरामागची शेड सगळी पत्र्याचीच होती. शेडमध्ये अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुनी फियाट उभी होती. रेडिएटरमधलं तांबडं पाणी मी घमेल्यात काढलं होतं. सासूबाई उलट्या बादलीवर बसून हत्यारं देत होत्या. त्यांच्या मांडीवर मसाल्याचा एक जुना डबा होता. काढलेले नटबोल्ट त्याच्या वाट्यांत ठेवायचे. पोचा आलेल्या वाटीपासून सुरुवात करायची, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जायचं, आणि मधली वाटी वायसरांसाठी. बसवताना उलट्या क्रमाने यायचं. ही अण्णांची पद्धत होती. भिंतीवर त्यांचा फळा होता आणि त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा लाल ऑइलपेंटने काढलेली होती. एखादं हत्यार जागेवर नसलं तर त्याचा लाल आकार रिकामा दिसायचा.

अण्णांना मी पाहिलेलं नाही. ते आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग शिकवायचे. ब्याण्णवच्या जानेवारीत ते हृदयाच्या दुखण्याने गेले, आणि वर्षाच्या आत घरात कार्य व्हावं म्हणून डिसेंबरात माझं आणि हेमंतचं लग्न झालं. त्या घरात येऊन मला चारच महिने झाले होते. हेमंत कंपनीच्या कामाला बडोद्याला गेला होता. मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. मोटार दुरुस्तीचा अनुभव शून्य.

तरीही मी त्या शेडमध्ये होते, कारण सोमवारी सकाळी दहा वाजता भंगारवाला येणार होता.

त्याला दादांनी बोलावलं होतं. दादा म्हणजे हेमंतचे थोरले भाऊ, श्रीनिवास. ते बँकेत होते आणि विजापूर रोडला वेगळे राहायचे. शुक्रवारी संध्याकाळी ते आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "आई, सोमवारी माणूस येतोय. टेम्पो आणेल, तोडून नेईल."

"काय तोडून नेईल?"

"गाडी. वर्षाच्या वर झालं, उभी आहे. इंजिन गेलंय तिचं."

"इंजिन नाही गेलं. पंप गेलाय. दारात आणल्यावर तू पुन्हा सुरू केली होतीस ना, तेव्हा ऐकलंय मी. आवाज पंपातून येत होता."

"तुला पंप कळतो?"

"चौदा वर्षं टॉर्च धरलाय मी."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अण्णांनीच शेवटी शेवटी गाडीकडे दुर्लक्ष केलं, आई. ते मान्य कर."

सासूबाईंचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा तसा पाहिला. त्या रागावल्या नाहीत. हळूहळू एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "त्यांच्या हातात चौदा वर्षं चालली. तुझ्या हातात एक दिवस चालली नाही."

त्यांच्यातलं हे भांडण मला हेमंतकडून माहीत होतं. अण्णांच्या तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला दादांनी गाडी काढली होती. परत येताना सात रस्त्याजवळ ती किंचाळायला लागली, बॉनेटमधून वाफ आली, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या चार माणसांनी ढकलत ती घरी आणली. त्या दिवशीही सासूबाई हेच वाक्य बोलल्या होत्या. त्यानंतर दादांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

"मी बसवते पंप," मी म्हणाले.

दोघांनीही वळून पाहिलं. मी असं का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. 'तोडून' हा शब्द दोनदा ऐकू आला होता, एवढंच आठवतं.

"सोमवारी दहापर्यंत सुरू झाली तर राहील," सासूबाई म्हणाल्या. "नाही झाली तर ने. मी मध्ये येणार नाही."

शनिवारी आम्ही दोघी रिक्षाने मल्लिनाथच्या दुकानात गेलो. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा हा माणूस अण्णांचा विद्यार्थी होता. सासूबाईंना पाहून तो गल्ल्यावरून उठला.

"काय काकू, लई दिवसांनी."

"फियाटचा पंप पाहिजे. वॉटर पंप."

"कोण बसवणाराय?"

"ही. माझी सून. कॉलेजात फिजिक्स शिकवते."

त्याने माझ्याकडे एकदा आदबीने पाहिलं. "फिजिक्सने नट निघत नाय ओ काकू."

"मग कशाने निघतो?"

"पान्याने."

"पाना आहे घरी."

तो हसला आणि माळ्यावरून एक खोका काढून आणला. पंप हातावर घेऊन त्याने पुली फिरवून दाखवली. मग म्हणाला, "सर आलते की एकदा याच्यासाठीच. गेल्याच्या गेल्या नवरात्रात. हातात घेतला, असाच फिरवून बघितला, परत ठेवला. म्हटलं, बांधून देऊ का सर? म्हणाले, नंतर नेतो."

"मग नेला का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय. नंतर आलेच नाय ते."

परतताना रिक्षात सासूबाई खूश होत्या. खोका त्यांच्या मांडीवर होता. "बघ," त्या म्हणाल्या, "नवरात्रात गाडीखाली पाणी पडायचं. रोज शेड झाडताना चार-सहा थेंब दिसायचे. मी त्यांना सांगितलं. आणि दिवाळीच्या आधी थेंब बंद झाले. म्हणजे नवा न घेता जुनाच दुरुस्त केला त्यांनी. दुर्लक्ष म्हणे."

त्या संध्याकाळी मी अण्णांचं दुरुस्तीचं पुस्तक घेऊन बसले. इंग्रजी, कडांना तेलाचे डाग पडलेलं. पंप काढण्या-बसवण्याची दोन पानं मी तीनदा वाचली, आमच्या प्रयोगवहीत लिहितात तशा पायऱ्या कागदावर उतरवल्या, आणि रविवारी तो कागद शेडच्या खांबाला टाचला. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांना क्रम पाठ होता. फक्त तो त्यांच्या हातांना देण्याच्या बाजूने पाठ होता, फिरवण्याच्या बाजूने नाही.

पंखा निघाला. पंपाचे चार नट होते. तीन निघाले, चौथा हलेना. मी पान्यावर सगळा भार टाकला.

"थांब," त्या म्हणाल्या. "तुटेल तो. रॉकेल टाक त्याच्यावर आणि चल, चहा घेऊ."

"चहा आत्ता? दहा वाजून गेले, आई."

"ते असंच करायचे. रॉकेल टाकायचे आणि चहाला यायचे. म्हणायचे, चहा होईपर्यंत नट मऊ होतो."

हे घर्षणाबद्दल अगदीच ढोबळ विधान होतं, पण आम्ही चहा घेतला. परत आल्यावर सासूबाईंनी फळ्याखालून लोखंडी नळीचा एक तुकडा काढला आणि पुढे केला. मी तो पान्याच्या दांड्यावर चढवला. तरफेची भुजा दुप्पट झाली. नट कुरकुरला आणि फिरला.

पंप माझ्या हातात आला तेव्हा त्याचा दांडा हलत होता. पुली फिरवली तर आतून खरखर आवाज यायचा, आणि बेअरिंगच्या बाजूने गंजाचं तांबडं पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. सासूबाई बरोबर होत्या. इंजिनाला काही झालेलं नव्हतं.

मी तो बाहेर उजेडात नेला, फडक्याने पुसला आणि उलटा केला. नव्या पंपाच्या पोटात, खालच्या बाजूला, पेन्सिल जाईल एवढं एक छिद्र होतं. जुन्याला तिथे छिद्र नव्हतं. राखाडी रंगाचा कठीण गोळा होता. नखाने टोकरला. एम-सील होतं.

दोन्ही पंप शेजारी ठेवून मी थोडा वेळ पाहत राहिले. छिद्र सहज पडलेलं नव्हतं, यंत्रावर पाडलेलं होतं, आणि बरोबर दोन गोष्टींच्या मध्ये होतं. एका बाजूला पाणी अडवणारं सील, दुसऱ्या बाजूला बेअरिंग. आकृती डोक्यात जुळली तसा मला आनंद झाला. वर्गात एखादं गणित फळ्यावर सुटतं तेव्हा होतो तसा.

"आई, सापडलं," मी म्हणाले. "हे छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की पाणी इथून थेंब थेंब बाहेर पडतं. म्हणजे खाली थेंब दिसला की समजायचं, पंप बदलायची वेळ झाली. कोणीतरी ते बुजवून टाकलंय. मग पाणी बाहेर पडायचं थांबलं आणि आत बेअरिंगमध्ये गेलं. बेअरिंग सडलं. दादांनी गाडी नेली तेव्हा ते संपलेलंच होतं." आणि मग, न थांबता, मी म्हणाले, "ज्याने हे केलं त्याला पंपातलं काहीही कळत नव्हतं."

सासूबाईंनी हात पुढे केला. मी पंप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, अंगठा त्या राखाडी गोळ्यावरून फिरवला आणि परत एकदा फिरवला.

"कानस मारलीय," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. एम-सील वाळल्यावर कोणीतरी ते बारीक कानशीने घासून पंपाच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट केलं होतं. रेघा सगळ्या एका दिशेने होत्या. पंपाच्या पोटाखाली, जिथे कोणी कधी पाहणार नाही, तिथे.

मी घरात गेले आणि दुरुस्तीचं पुस्तक आणलं. पंपाच्या आतल्या रचनेचं पान मी शनिवारी वाचलं नव्हतं, काढण्या-बसवण्यासाठी त्याची गरज नव्हती. आता ते उघडलं. आकृतीत त्या छिद्राकडे बाण होता. बाणाच्या टोकाशी लाल पेन्सिलीने, फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाच्या सुट्या, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलेलं होतं: कधीही बुजवू नये.

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. हे त्यांनी वाचलं.

शेडचा पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. मग त्या बादलीवर बसल्या आणि पंप मांडीवर ठेवला.

"नवरात्रात त्यांच्या हातून तांब्या पडायचा," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. म्हणाले, काही नाही, हात ओला होता. मग मी ते थेंब बघितले आणि रोज मागे लागले. अहो, पाणी गळतंय. अहो, आज दहा थेंब होते. अहो, पंप कधी करणार."

मी उभी होते. बसावं की नाही ते कळेना.

"मग एक दिवस थेंब नाहीत. मी विचारलं, झालं का काम? म्हणाले, झालं. मला वाटलं, पाना फिरवला म्हणजे अंगात ताकद आली. आता बरे होतात. शिरा केला होता मी त्या दिवशी. त्यांनी खाल्ला. दोनदा मागून घेतला."

डॉक्टरांकडे त्यांना डिसेंबरात नेलं, हे मला हेमंतने सांगितलेलं होतं. तोवर उशीर झाला होता.

"आई, मघाशी मी जे बोलले—"

"चूक नाही बोललीस." त्यांनी पंप जमिनीवर ठेवला. "किती वाजले?"

"पावणेबारा."

"मग उभी काय राहिलीस? नवा आणलाय ना."

मी जुन्या गॅस्केटचा चिकटलेला कागद पातीने खरवडला. नव्याला दोन्ही बाजूंनी ग्रीस लावलं. पंप जागेवर बसवून चारही नट बोटांनी घेतले आणि पान्यासाठी हात मागे केला. हात रिकामाच राहिला. मी वळले. सासूबाई पाना घेऊन माझ्याजवळ उभ्या होत्या.

"सरक जरा," त्या म्हणाल्या.

पदर खोचून त्या वाकल्या. एक नट थोडा आवळला, मग समोरचा, मग तिरका, मग त्याच्या समोरचा. पुन्हा पहिल्यापासून. माझ्या कागदावर हा क्रम होता, पण तो त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या हातात किती जोर आहे याचा त्यांनाच अंदाज नसावा, कारण शेवटच्या नटाला त्या मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तू बघ. माझं जास्त होईल." मी पाहिलं. बरोबर होतं.

दुपारी दोनला आम्ही पाणी भरलं. बॅटरी मल्लिनाथने रात्रभर चार्ज करून सकाळी पोचवली होती, पेट्रोल नवं आणलं होतं. मी गाडीखाली आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरलं. डाग कागदावर लगेच दिसतो, प्रयोगशाळेतली सवय. पहिल्यांदा किल्ली फिरवली, नुसती घरघर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा शेड निळ्या धुराने भरली आणि इंजिन लागलं. थोडं अडखळलं, मग एका लयीत चालू राहिलं. पंपातून काहीच आवाज नव्हता.

अर्धा तास आम्ही ते चालू ठेवलं. त्या अर्ध्या तासात सासूबाई तीनदा गुडघ्यांवर बसून खाली पाहून आल्या. पेपर कोरडा होता.

सोमवारी दहाला दादा आले. मागे टेम्पो होता. फाटकातच त्यांना आवाज ऐकू आला असणार, कारण ते चालता चालता थांबले. मी ड्रायव्हरच्या जागेवर होते, गाडी शेडबाहेर अंगणात काढलेली, इंजिन चालू. मला गाडी चालवता येत नव्हती. फक्त हँडब्रेक ओढून बसले होते. अंगणात तिला मल्लिनाथ काढून गेला होता.

दादांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "कशाने बंद पडली होती?" त्यांनी मला विचारलं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. पंप जुना झाला होता, एवढं सांगितलं असतं तर ते खोटं नव्हतं. मी ते सांगायला तयार होते.

"त्यांनी पंपाचं भोक बुजवलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "हातात जोर राहिला नव्हता आणि मला सांगायचं नव्हतं. गाडी तू न्यायच्या आधीच गेली होती, श्री. तुझं काही चुकलं नव्हतं."

दादांचा हात बॉनेटवर तसाच होता. थोड्या वेळाने ते फाटकाकडे गेले, टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलले, आणि टेम्पो रिकामा परत गेला. मग ते शेडमध्ये गेले. फळ्यासमोर उभे राहिले. तेरा नंबरचा पाना खाली पडला होता तो उचलून त्यांनी त्याच्या लाल आकारात टांगला.

"चहा टाक गं," सासूबाई मला म्हणाल्या.

ती गाडी आमच्याकडे आणखी आठ वर्षं होती. तिच्यावर मी चालवायला शिकले, शिकवलं दादांनी. रोज सकाळी शेड झाडून झाली की सासूबाई कालचा पेपर गाडीखाली सरकवायच्या आणि आदल्या दिवशीचा काढून उजेडात धरायच्या. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सांगायच्या, "कोरडा आहे." कधी आमटीला फोडणी बसत असायची, कधी माझी कॉलेजची घाई असायची, मी "बरं" म्हणायचे. दोन हजार एक साली मल्लिनाथने गाडी घेतली. तो ती चालवत घेऊन गेला.

त्यानंतर चार वर्षांनी, पुन्हा एका एप्रिलमध्ये, सासूबाई सकाळी स्वयंपाकघरात आल्या. मी पोहे भिजवत होते. त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले.

"गॅस बंद कर जरा," त्या म्हणाल्या. "मला जिना चढताना धाप लागतेय. सोमवारपासून. आधी आठव्या पायरीला लागायची, आज पाचव्याला लागली. डाव्या पायाला सूजही आहे, दाबलं की खड्डा राहतो. लिहून ठेव, डॉक्टर विचारतील."

मी अजून काहीच विचारलं नव्हतं.